पीव्हीसी पाइपांची द्रावक-जोडणी

द्रावक-जोडणी ही पॉलिव्हिनाइल क्लोराइड म्हणजेच पीव्हीसी या प्लॅस्टिकचे पाइप व त्यांचे जोड कायमचे एकजीव करण्याची पद्धत होय. जलतरण तलावातील पाणी पंपाकडे, तेथून गाळणीकडे आणि पुन्हा तलावात नेणारे पीव्हीसी पाइप प्रामुख्याने याच पद्धतीने जोडले जातात.

व्यवहारात या क्रियेला ‘पाइप चिकटवणे’ म्हणतात. परंतु हा शब्द काहीसा दिशाभूल करणारा आहे. गोंद दोन पृष्ठभागांच्या मध्ये राहून त्यांना धरून ठेवतो. येथे वापरले जाणारे सॉल्व्हंट सिमेंट मात्र प्लॅस्टिकलाच विरघळवते. टेट्राहायड्रोफ्युरान, सायक्लोहेक्झॅनोन यांसारख्या द्रावकांत पीव्हीसीची राळ मिसळून ते तयार करतात. ते लावल्यावर पाइपाची बाहेरची व जोडाची आतली बाजू मऊ होऊन फुगते, दोहोंतील रेणूंच्या साखळ्या एकमेकींत गुंततात आणि द्रावक उडून गेल्यावर दोन्ही भाग एकसंध होतात. पॉलिथिलीनवर या द्रावकांचा असा परिणाम होत नाही. त्यामुळे त्याचे पाइप उष्णतेने वितळवून किंवा यांत्रिक जोडांनी जोडावे लागतात.

कृती

पाइप काटकोनात कापून कडेचे कुसळ काढतात आणि बाहेरची धार कानशीने उतरती करतात. धार तीक्ष्ण राहिल्यास पाइप आत शिरताना ती सिमेंट खरवडून पुढे ढकलते. जोडाचे तोंड किंचित रुंद व तळ अरुंद असतो. कोरडा पाइप त्याच्या एक-तृतीयांश ते दोन-तृतीयांश खोलीपर्यंत जाऊन अडकला पाहिजे. दोन्ही पृष्ठभागांवर सिमेंट लावून पाइप पाव फेरा फिरवत तळापर्यंत दाबतात व सुमारे अर्धा मिनिट धरून ठेवतात, कारण उतरता जोड पाइपाला मागे लोटतो.

मापांचा घोळ ही नेहमीची अडचण आहे. मेट्रिक मालिकेतील ६३ मिलिमीटर बाह्य व्यासाच्या पाइपालाही ‘दोन इंची’ म्हटले जाते. अमेरिकी मापाच्या दोन इंची पाइपाचा बाह्य व्यास मात्र ६०.३ मिलिमीटर असतो. एवढी फट सिमेंटने भरून निघत नाही.

तलावातील गळती

पंपानंतरच्या दाबाखालील पाइपातून गळती झाली, तर पाणी बाहेर येते. पंपाच्या आधीच्या, ओढीच्या बाजूस मात्र पंप चालू असताना सदोष जोडातून पाणी न गळता हवाच आत खेचली जाऊ शकते. तलावात परतणाऱ्या पाण्यातील बुडबुडे हेच तेव्हा तिचे लक्षण असते. बहुतेक पाइप काँक्रीट व फरशीखाली जात असल्याने ते झाकण्यापूर्वीच, जोड पूर्ण वाळल्यानंतर, पाण्याच्या दाबाने चाचणी घेतात. संकुचित हवा वापरणे धोक्याचे असते; सदोष पाइप फुटल्यास त्याचे तुकडे वेगाने उडतात.

हा जोड पुन्हा सोडवता येत नाही. बिघडल्यास तो कापून काढावा लागतो व नवा जोड बसवण्यासाठी दोन्ही बाजूंस पुरेसा सरळ पाइप लागतो. म्हणून झडपांलगत थोडी लांबी मुद्दाम मोकळी सोडतात.