पेट्रोलचा पाइप काढण्याआधी...

मागच्या सेमिस्टरला आम्ही तिघांनी होस्टेलमागच्या शेडमध्ये मित्राच्या जुन्या गाडीचा पेट्रोल फिल्टर बदलायला घेतला. इंजिन बंद, चावी खिशात. क्लिप दाबून पाइप ओढला आणि पेट्रोलची पिचकारी थेट मित्राच्या डोळ्यात! पंधरा मिनिटं नळाखाली डोळे धुतले, मग दवाखाना. डोळे वाचले. शेजारी शंभरचा बल्ब जळत होता, हे नंतर लक्षात आलं.

आमच्या डोक्यात अजून कार्बुरेटर होता. जुन्या पद्मिनीत इंजिनवरचा यांत्रिक पंप अर्ध्या बारपेक्षाही कमी दाबाने पेट्रोल चढवतो. पाइप काढला तर थोडं ठिबकतं, बस्स. एमपीएफआयमध्ये टाकीतला इलेक्ट्रिक पंप साधारण ३ बार दाब देतो. दहा मजली इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीमुळे तळमजल्याच्या नळाला येईल तेवढा! आणि पुढच्या वेळी गाडी पटकन सुरू व्हावी म्हणून नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हा दाब इंजिन बंद केल्यावरही धरून ठेवतो.

उपाय सोपा आहे. पंप बंद करायचा आणि पाइपातलं पेट्रोल इंजिनलाच पिऊ द्यायचं. गाडी उघड्यावर, थंड इंजिन, न्यूट्रल, हँडब्रेक. टाकीचं झाकण उघडून वाफ जाऊ द्या, परत लावा. पंपाचा फ्यूज किंवा रिले काढा (जागा मॅन्युअलमध्ये सापडते) आणि गाडी सुरू करा. थोड्या वेळात ती आपोआप बंद पडेल. मग तीन-तीन सेकंद दोन-तीनदा सेल्फ मारा, चावी काढा, बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडा.

सीएनजी किट असेल तर स्विच पेट्रोलवर हवा, नाहीतर इंजिन मजेत गॅसवर चालत राहील आणि पेट्रोलचा दाब तसाच! काही गाड्यांत पंप आणि ईसीयू एकाच फ्यूजवर असतात. तिथे पंपाचा कनेक्टरच काढावा लागतो.

एवढं करूनही थोडं पेट्रोल उरतंच. म्हणून डोळ्यांना गॉगल, जोडावर जाड फडकं, आणि पाइप हळूच सैल करायचा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरते. तेव्हा पिटमध्ये हे काम नको. बल्ब नको, सिगरेट तर नकोच.

कॉमन रेल डिझेलला मात्र ही युक्ती लावू नका. तिथे चालू इंजिनात दाब हजार बारच्या वर जातो आणि बारीक धार कातडीतून आत घुसते. जखम सुई टोचल्यासारखी दिसते, पण ताबडतोब सर्जन गाठावा लागतो.

काम झाल्यावर फ्यूज आणि बॅटरी जोडून इग्निशन दोन-तीनदा ऑन-ऑफ करा. दर वेळी पंप दोनेक सेकंद चालून दाब भरतो. जोड कोरडा आहे ना, हे बघूनच सेल्फ मारा.