हाडं २०६, किस्से त्याहून जास्त!

देवगाव रंगारीच्या पोरीचा घाटीत नंबर लागला! पेढे वाटून झाले, बॅग भरून झाली. आता एमबीबीएसच्या पहिल्या वर्षात काय काय वाढून ठेवलंय? चला, फटाफट राउंड मारू!

घाटीचं वय माहीत आहे का?
छत्रपती संभाजीनगरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं १९५६ साली. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला मराठवाडा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला. राज्यं बदलली, शहराचं नाव बदललं. पेशंटच्या तोंडी मात्र एकच पत्ता: घाटी!

पहिल्याच दिवशी हातात सुरी?
छे! आधी फाउंडेशन कोर्स. त्यात प्रथमोपचार, संवादकौशल्य, कॉम्प्युटर आणि चक्क स्थानिक भाषा! सरकारी कॉलेजात १५ टक्के जागा ऑल इंडिया कोट्याच्या. म्हणजे परप्रांतातले बॅचमेट मराठी गिरवणार आणि आपली पोरगी त्यांची मॅडम होणार. तालुका कन्नड, शिकवणी मराठीची!

मुख्य विषय? फक्त तीन!
अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री. हा ‘फक्त’ पुस्तकांची जाडी दिसेपर्यंतच टिकतो! त्यात हजेरी थिअरीला ७५ टक्के, प्रॅक्टिकलला ८० टक्के हवीच. प्रॉक्सीवाल्यांनो, सावधान!

हाडांचं गणित जमतंय?
एकूण हाडं २०६. त्यातली १०६ नुसत्या हातापायांच्या टोकांना, म्हणजे मनगटापासून आणि घोट्यापासून पुढे! सगळ्यात छोटं हाड कानातलं स्टेपीस, जेमतेम ३ मिलिमीटरचं. व्हायवात मात्र भल्याभल्यांची बोलती बंद करतं.

‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’चं सातारा कनेक्शन माहीत आहे का?
१८५८ च्या या जगप्रसिद्ध ग्रंथातली चित्रं काढली हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांनी. त्याच वर्षी ते मुंबईत आले, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागले आणि पुढे साताऱ्याचे सिव्हिल सर्जनही झाले!

आता आवाज बंद.
डिसेक्शन हॉल. टेबलावर देहदान केलेला माणूस. अनेक कॉलेजांत मुलं आधी फुलं वाहतात, आदर राखण्याची शपथ घेतात आणि मगच शिकायला सुरुवात करतात. फोटो नाही, मस्करी नाही. ज्याचं नावही कळत नाही, असा हा पहिला गुरू!

हॉस्टेलआधी आश्रम?
हो! सेवाग्रामच्या महात्मा गांधी वैद्यकीय संस्थेत (स्थापना १९६९) नव्या मुलांची सुरुवात होते बापूंच्या आश्रमातल्या शिबिराने. खादी, श्रमदान, प्रार्थना... आणि मग स्टेथोस्कोप!

वीस वर्षांची डॉक्टर!
आनंदीबाई जोशींनी १८८६ मध्ये फिलाडेल्फियात एम.डी. पदवी मिळवली, तेव्हा त्यांना एकविसावंही पूर्ण झालं नव्हतं. आज त्या वयात बहुतेक मुलं अजून वॉर्डातच धडे गिरवत असतात!

आणि दत्तक कुटुंब!
आता एमबीबीएसची मुलं पहिल्या वर्षापासूनच गावातली कुटुंबं दत्तक घेतात. घरी जायचं, बीपी मोजायचं, विचारपूस करायची. शहरातल्या मुलांना इथे घाम फुटतो. आपल्या पोरीला? ओसरीवर बसून आजीशी गप्पा मारायला तिला कुणी शिकवावं लागत नाही. “अंगात कणकण आहे गं,” “पोटात कळ येते बाई,” हे ऐकत तर ती लहानाची मोठी झाली. साडेपाच वर्षांच्या कोर्समधला सगळ्यात अवघड चॅप्टर, माणूस ऐकून घेण्याचा, ती देवगावातूनच पाठ करून आलीय!