गव्हाण आणि माज

गाय व्याली, दूध सुरू झाले. पण चार-पाच महिने लोटले तरी ती माजावर येत नाही, अशी तक्रार पुष्कळ गोठ्यांतून ऐकू येते. एक माज हुकला की २१ दिवस वाया जातात. असे काही माज गेले म्हणजे दूध आटते, भाकड जनावराचा खर्च अंगावर पडतो आणि अखेर चांगली गाय ‘वांझ’ ठरून बाजाराची वाट धरते. अशा अनेक गाईंच्या बाबतीत दोष गर्भाशयात नसून गव्हाणीत असतो. भूक आणि माज यांची सांगड मेंदूत कशी घातली जाते, हे जाणून घेणे म्हणूनच पशुपालकाच्या हिताचे आहे.

मेंदूतील सूत्रधार

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा लहानसा भाग असतो. भुकेचे नियंत्रण तेथून होते आणि प्रजननाचा पहिला आदेशही तेथूनच सुटतो. हा आदेश म्हणजे जीएनआरएच हे संप्रेरक होय. डुकरे व मेंढ्या यांच्या मेंदूंतून ते वेगळे काढून १९७१ साली शास्त्रज्ञांनी त्याची रचना उलगडली. हे संप्रेरक थांबून थांबून पाझरते व प्रत्येक वेळी पीयूषिका ग्रंथीकडून एलएच नावाचे दुसरे संप्रेरक रक्तात सोडविते. व्यालेल्या गाईचे स्त्रीबीज पक्व होऊन सुटावयाचे तर एलएचच्या अशा लाटा सुमारे तासाला एक या वेगाने याव्या लागतात.

भुकेचा निरोप

अंगावर चरबीचा साठा असला की ती चरबी लेप्टिन हे संप्रेरक रक्तात सोडते. त्याचा शोध १९९४ साली लागला. रिकाम्या पोटातून घ्रेलिन हे संप्रेरक निघते. ते १९९९ साली ज्ञात झाले. जनावर रोडावले म्हणजे लेप्टिन घटते आणि मेंदूत न्यूरोपेप्टाइड वाय हे द्रव्य वाढते. हे द्रव्य एकीकडे भूक चेतविते, तर दुसरीकडे जीएनआरएचला आवर घालते. मेंढ्या व गाई यांच्या मेंदूत ते सोडून पाहिले असता एलएचच्या लाटा मंदावल्या. याउलट, उपाशी ठेवलेल्या कालवडींना लेप्टिन दिले असता ही घट टळली. स्वतःच्या जिवास पुरेसे नसता वासराचा भार नको, असा हा निसर्गाचा हिशेब आहे.

व्याल्यानंतर दूध झपाट्याने वाढते, परंतु खाणे त्या मानाने मागाहून वाढते. ही तूट गाय अंगच्या चरबीतून भरून काढते. मुळातच हाडे दिसणारी गाय व्याली, तर मेंदू माज लांबणीवर टाकतो.

काय करावे?

गाभण गाईस शेवटचे दोन महिने आटवून हिरवा चारा व खुराक द्यावा. व्याण्याच्या वेळी ती मध्यम भरलेली असावी. फार लठ्ठ गाय व्याल्यावर कमी खाते, म्हणून तेही टाळावे. व्याल्यावर दुधाच्या मानाने पेंड व भरडा द्यावा, पण तो हळूहळू वाढवावा. एकदम वाढविल्यास अपचन होते. खनिज मिश्रण व स्वच्छ पाणी यांत खंड पडू देऊ नये.

शेळ्या-मेंढ्यांस फळविण्यापूर्वी दोन-तीन आठवडे रोज पाव किलोपर्यंत भरडा दिल्यास अधिक बीजे सुटून जुळी होण्याचा संभव वाढतो. रोड माद्यांत हा लाभ विशेष दिसतो.

माजाची पाहणी पहाटे व सायंकाळी करावी. म्हशीचा माज पुष्कळदा मुका असतो, म्हणून तिच्याकडे अधिक लक्ष द्यावे. सकाळी माज दिसल्यास सायंकाळी व सायंकाळी दिसल्यास दुसऱ्या सकाळी रेतन करून घ्यावे. चारा-खुराक नीट असूनही व्याल्यापासून तीन महिन्यांत माज न आल्यास पशुवैद्यकाकडून तपासणी करवावी. गर्भाशयाचे रोग वा जंत हीही कारणे असू शकतात.

माजासाठी इंजेक्शनाची घाई करण्यापूर्वी आणि गाय बाजारात नेण्यापूर्वी, तिची गव्हाण एकदा अवश्य पाहावी.