वकिलाचा जीव आणि वकिलातीचे दार

संगमनेर तालुक्यातले निमगाव जाळी हे त्रिंबकजी डेंगळ्यांचे गाव. जासूद म्हणून पेशव्यांच्या चाकरीत शिरलेला हा माणूस दुसऱ्या बाजीरावाच्या मर्जीत चढत चढत कारभारी झाला. पुढे एका वकिलाच्या खुनाच्या आरोपावरून तो ठाण्याच्या किल्ल्यात कैदेत पडला. हा वकील म्हणजे बडोद्याच्या गायकवाडांचे गंगाधरशास्त्री पटवर्धन. पेशवे आणि गायकवाड यांच्यातला जुना हिशेब आणि अहमदाबादच्या इजाऱ्याचा प्रश्न मिटवण्यासाठी ते १८१४ साली पुण्यास आले होते. त्यांच्या सुरक्षिततेची हमी इंग्रजांनी घेतली होती.

जुलै १८१५ मध्ये आषाढी वारीसाठी बाजीराव पंढरपूरला गेला. शास्त्रीही बरोबर होते. एका रात्री विठ्ठलाच्या देवळातून मुक्कामावर परतताना वाटेत मारेकऱ्यांनी त्यांना गाठून ठार केले. पुण्याचा इंग्रज रेसिडेंट माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन तेव्हा वेरूळला होता. त्याने चौकशी करून त्रिंबकजींवर ठपका ठेवला आणि त्यांना आपल्या हवाली करण्याची मागणी केली. सप्टेंबरात त्रिंबकजी इंग्रजांच्या ताब्यात गेले, वर्षभराने ठाण्याच्या किल्ल्यातून निसटले आणि त्यांच्या शोधाचा ससेमिरा पेशव्यांच्या मागे लागला. जून १८१७ मध्ये पेशव्यांवर पुण्याचा तह लादला गेला. त्यात अहमदनगरचा किल्लाही इंग्रजांकडे गेला. नोव्हेंबरात खडकीची लढाई झाली आणि पुढच्या वर्षी पेशवाई संपली.

खून नेमका कोणाच्या सांगण्यावरून झाला, यावर इतिहासकारांचे आजही एकमत नाही. पण आंतरराष्ट्रीय कायदा या प्रसंगाकडे पाहताना पहिला प्रश्न वेगळाच विचारतो. आज्ञा कोणाची होती हे तो नंतर पाहतो. परक्या दरबाराचा वकील ज्याच्या मुलखात होता, त्याने वकिलाच्या रक्षणासाठी काय केले आणि खून झाल्यावर तपास कसा केला, हे आधी. हे दोन प्रश्न वेगळे ठेवले की राजनैतिक कायद्याचा गाभा हाती येतो.

वकील या शब्दाची जुनी ओळख

आज वकील म्हटले की काळा कोट आणि कोर्ट आठवते. मराठेशाहीत वकील म्हणजे एका दरबाराने दुसऱ्या दरबारात ठेवलेला प्रतिनिधी. तो वाटाघाटी करी आणि तिकडच्या बित्तंबातमीची पत्रे पाठवी. परदेशी राजदूतांच्या कचेरीला ‘वकिलात’ म्हणायची मराठी रीत तिथूनच आली.

अहिल्यानगर जिल्ह्याच्याच जामखेड तालुक्यात, खर्ड्याच्या मैदानावर, या वकिलीचा दुसरा धडा आहे. चौथाईच्या थकबाकीवरून पेशवे आणि निजाम यांच्यात बोलणी चालू होती. निजामाच्या दरबारात मराठ्यांच्या वतीने गोविंदराव काळे आणि गोविंदराव पिंगळे होते. हिशेब समजावण्यासाठी नाना फडणिसांनी स्वतः दरबारात यावे आणि ते येत नसतील तर त्यांना कसे आणायचे ते आपण दाखवू, अशा अर्थाचे निजामाचा दिवाण मुशीरुल्मुल्क भर बैठकीत बोलला, असे ग्रँट डफने नोंदवले आहे. पुणे दरबाराने ही धमकी युद्धाचे आव्हान मानली. ११ मार्च १७९५ रोजी खर्ड्याला लढाई झाली. निजामाने तह केला आणि त्यात मुशीरुल्मुल्कालाच मराठ्यांच्या स्वाधीन करावे लागले.

इथे वकिलांच्या केसालाही धक्का लागला नव्हता. तरी त्यांच्यासमोर उच्चारलेला शब्द त्यांच्या धन्याला उच्चारलेला मानला गेला. वकील हा धन्याचा देह आणि धन्याचा कान, ही समजूत दोन्ही दरबारांत होती. लेखी करार नसतानाही ती पाळली जाई, कारण आज आपण त्यांचा वकील छळला तर उद्या आपला वकील सुखरूप राहणार नाही, हे प्रत्येकाला कळत होते. परस्परांची गरज हाच या कायद्याचा पाया आहे.

१९६१ : राजदूतांचा करार

शतकानुशतकांचे हे संकेत १८ एप्रिल १९६१ रोजी व्हिएन्ना येथे एका करारात एकत्र आले. भारत त्यात १९६५ साली सामील झाला आणि १९७२ मध्ये संसदेने त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. करारातली मुख्य कलमे साध्या भाषेत सांगता येतात.

राजदूताला किंवा राजनैतिक अधिकाऱ्याला अटक करता येत नाही. यजमान देशाने त्याला मानाने वागवावे आणि त्याच्यावर हल्ला होऊ नये यासाठी योग्य ते सर्व उपाय करावेत. यजमान देशात त्याच्यावर फौजदारी खटला चालत नाही. खासगी मालमत्ता, वारसा किंवा खासगी व्यवसाय असे मोजके अपवाद सोडले तर दिवाणी दावाही चालत नाही. वकिलातीच्या इमारतीत प्रमुखाच्या परवानगीशिवाय पोलिसांना पाऊल टाकता येत नाही. तिचे दप्तर कुठेही असले तरी त्याला हात लावता येत नाही, आणि सरकारी टपालाची थैली उघडता येत नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. वकिलातीची जागा ही परदेशाची भूमी असते, असे सर्रास म्हटले जाते. तसे नाही. दिल्लीतल्या परदेशी वकिलातीची जमीन भारताचीच असते आणि तिथे भारताचाच कायदा लागू असतो. भारतीय पोलीस फक्त परवानगीशिवाय आत जाऊ शकत नाहीत. दार बंद आहे, पण घर आपल्याच गावात आहे.

मग अधिकाऱ्याने गुन्हा केला तर? यजमान देशाच्या हातात दोन साधने राहतात. एक, त्याला ‘अवांछित व्यक्ती’ ठरवून परत पाठवण्यास सांगणे. त्यासाठी कारण देण्याचेही बंधन नाही. दुसरे, त्याच्या देशाला हे संरक्षण काढून घेण्याची विनंती करणे. ते काढण्याचा अधिकार अधिकाऱ्याचा नसून त्याच्या देशाचा असतो, कारण मुळात ते संरक्षण त्याला व्यक्ती म्हणून मिळालेलेच नसते. कामात अडथळा येऊ नये म्हणून ते दिलेले असते. यजमान देशाचे कायदे पाळण्याचे कर्तव्य त्याच्यावर कायम असते.

१९६३ : वाणिज्यदूतांचा करार

राजदूत दोन सरकारांमध्ये बोलतो. वाणिज्यदूताचा संबंध माणसांशी येतो. पासपोर्ट, व्हिसा, जन्ममृत्यूच्या नोंदी, अडलेला खलाशी, तुरुंगातला कामगार, परगावी वारलेल्याचे कलेवर मायदेशी पाठवणे, ही त्याची कामे. त्याच्यासाठी २४ एप्रिल १९६३ रोजी व्हिएन्नातच दुसरा करार झाला, आणि १९७७ साली भारत त्यातही सामील झाला. इथले संरक्षण राजदूतापेक्षा तोकडे आहे. वाणिज्यदूताला फक्त सरकारी कामाच्या कृत्यांपुरते खटल्यापासून अभय मिळते. गंभीर गुन्हा असेल आणि न्यायालयीन आदेश असेल तर त्याला अटकही होऊ शकते.

या फरकाचे मोल डिसेंबर २०१३ मध्ये साऱ्या देशाला कळले. न्यूयॉर्कमधल्या भारताच्या उपमहावाणिज्यदूत देवयानी खोब्रागडे यांना १२ डिसेंबरला अटक झाली. घरकामगार स्त्रीच्या व्हिसासाठी पगाराबाबत खोटी माहिती दिल्याचा आरोप होता. त्यांची अंगझडती घेतल्याचे कळताच भारतात संताप उसळला आणि दिल्लीतल्या अमेरिकी दूतावासाबाहेरचे सुरक्षा अडथळे हटवले गेले. नोकर ठेवणे हे सरकारी काम नव्हे, म्हणून वाणिज्यदूताचे संरक्षण लागू नाही, असे अमेरिकेचे म्हणणे होते. भारताने त्यांची बदली संयुक्त राष्ट्रांतल्या आपल्या कार्यालयात केली, जानेवारीत त्यांना पूर्ण राजनैतिक संरक्षण मिळाले आणि त्या भारतात परतल्या. आरोपपत्र दाखल झाले त्या दिवशी त्यांना संरक्षण होते, या कारणावरून न्यायालयाने मार्च २०१४ मध्ये ते रद्द केले. दोनच दिवसांत नवे आरोपपत्र आले.

अधिकाऱ्याच्या अपमानाची चर्चा आपल्याकडे खूप झाली. घरकामगार स्त्रीच्या तक्रारीची त्यामानाने थोडी झाली. राजनैतिक संरक्षणाची ही दुखरी बाजू आहे. ज्या भिंतीमुळे दूत निर्भय राहतो, त्याच भिंतीपलीकडे त्याच्या घरातल्या माणसाची दाद पोहोचणे अवघड होते.

दुसरी आठवण पुण्याची आहे. मुठेवरून एरंडवण्याला दत्तवाडीशी जोडणाऱ्या पुलाला रवींद्र म्हात्रे यांचे नाव आहे. बर्मिंगहॅममधल्या भारतीय कार्यालयातल्या या अधिकाऱ्याचे ३ फेब्रुवारी १९८४ रोजी अपहरण झाले. मकबूल बटच्या सुटकेची मागणी करणाऱ्यांनी त्यांची हत्या केली. ११ फेब्रुवारीला बटला तिहारमध्ये फाशी दिली गेली. कायदा दूताला अमर करत नाही. यजमान देशाने हल्ला टाळण्यासाठी योग्य ती काळजी घ्यावी आणि हल्ला झालाच तर गुन्हेगारांचा माग काढावा, एवढेच तो सांगतो. १८१५ साली पेशवे दरबाराने टाळाटाळ केली ती या दुसऱ्या कर्तव्यात.

कलम ३६

१९६३ च्या कराराचे ३६ वे कलम मात्र अधिकाऱ्यांपेक्षा सामान्य माणसाच्या कामाचे आहे. परदेशी नागरिकाला अटक झाली, तर त्याला त्याचा हक्क विलंब न लावता सांगायचा. त्याने मागणी केली, तर त्याच्या वाणिज्य दूतावासाला विलंब न लावता कळवायचे. त्याची पत्रे तिकडे पोहोचवायची. वाणिज्यदूताला त्याला भेटता यावे, त्याच्याशी बोलता यावे, त्याच्यासाठी कायदेशीर मदत उभी करता यावी.

कुलभूषण जाधव खटला याच कलमावर उभा होता. या निवृत्त नौदल अधिकाऱ्याला मार्च २०१६ च्या आरंभी अटक केल्याचे पाकिस्तानने त्या महिन्याच्या २५ तारखेला भारताला कळवले. भेटीची भारताची मागणी पुन्हापुन्हा नाकारली गेली. १० एप्रिल २०१७ रोजी लष्करी न्यायालयाची फाशीची शिक्षा जाहीर झाली. भारत मे महिन्यात हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. बाजू हरीश साळवे यांनी मांडली. खटला चालू असताना, २५ डिसेंबर २०१७ रोजी, आई आणि पत्नीला इस्लामाबादेत काचेपलीकडून भेट मिळाली. त्या भेटीत आईला मराठीतून बोलू दिले नाही, असे भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने सांगितले.

हेरगिरीच्या आरोपीला हे कलम लागू नाही, असा पाकिस्तानचा युक्तिवाद होता. १७ जुलै २०१९ च्या निकालात न्यायालयाने तो फेटाळला. पंधरा विरुद्ध एक अशा मतांनी पाकिस्तानने कलम ३६ मोडल्याचे ठरले. पण न्यायालयाने सुटकेचा आदेश दिला नाही, शिक्षाही रद्द केली नाही. शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करावा आणि तोवर फाशी स्थगित ठेवावी, असे सांगितले. हा निकाल समजून घेताना अनेकांची निराशा झाली. मात्र कलम ३६ निर्दोषत्वाची हमी देत नाही. आरोपी एकटा पडू नये, एवढी व्यवस्था ते करते.

घरच्यांसाठी

आखातात किंवा मलेशियात कामाला गेलेली माणसे आता गावोगावी आहेत. त्यांतला एखादा तिकडे अडकला, तर घरच्यांची पहिली अपेक्षा असते की, दूतावासाने सोडवून आणावे. वाणिज्यदूत तुरुंगाचे दार उघडू शकत नाही, तिथल्या न्यायाधीशाला सांगू शकत नाही, आरोपीचा वकील म्हणून कोर्टात उभाही राहू शकत नाही. तो भेटू शकतो, वागणूक कशी मिळते ते पाहू शकतो, दुभाषी आणि वकिलाची सोय लावू शकतो, घरी निरोप देऊ शकतो. पण कलमातल्या ‘मागणी केली तर’ या शब्दांवर पुष्कळ अवलंबून आहे. म्हणून परदेशी जाणाऱ्याला एक वाक्य पाठ हवे : मला माझ्या दूतावासाशी बोलायचे आहे. घरी पासपोर्टची प्रत, मालकाचा पत्ता आणि कराराची प्रत असावी. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ या संकेतस्थळावर २०१५ पासून घरूनही तक्रार नोंदवता येते.

हे कर्तव्य दुतर्फा आहे. शिर्डीला जगभरातून भाविक येतात. त्यांतल्या कोणाला उद्या अटक झाली, तर त्याला त्याचा हक्क सांगणे हे आपल्या जिल्ह्यातल्या पोलीस ठाण्याचे काम ठरते. ते ठाणे जे करील, त्याचा जाब दिल्लीला द्यावा लागतो.

पंढरपूरच्या प्रसंगात फिर्यादी, तपासनीस आणि न्यायाधीश तिन्ही कंपनी सरकारच होते. वकिलाच्या रक्षणाचा जुना, योग्य नियम बलवानाच्या हाती पडला आणि राज्य गिळण्याचे निमित्त झाला. आज हेगला तिसऱ्यासमोर दोन देश बरोबरीने उभे राहतात. त्या न्यायालयाकडे फौज नाही आणि त्याचे निकाल अर्धेमुर्धे पाळले जातात, हे खरे. तरी २०१९ पर्यंत आणि त्यानंतरही एक माणूस जिवंत राहिला, तो या कागदी कलमामुळे. निमगाव जाळीच्या कारभाऱ्याला असे कलमही नव्हते आणि असे न्यायालयही नव्हते.