लिंबोळीच्या पोत्यावर तारीख लिहा

मृगाच्या सरी पडू लागल्या की परळी तालुक्यातील धर्मापुरीत लिंबाच्या झाडाखाली पिवळ्या लिंबोळ्यांचा सडा पडतो. बाहेरच्यांना हे गाव किल्ल्यामुळे व केदारेश्वराच्या जुन्या मंदिरामुळे माहीत असते. आमचे तेथे जाणे होते ते एका बागवान मित्रामुळे. मागच्या खेपेला त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्यांच्या अम्मा परसातल्या मिरची-टोमॅटोच्या रोपांवर पांढरट पाणी शिंपडत होत्या. विचारले तर म्हणाल्या, "लिंबोळीचं पाणी हाय. दुकानातलं औषध मीच बंद केलं. नातू टोमॅटो तोडतो अन् न धुताच तोंडात घालतो."

मित्र हसले, पण आमच्या डोक्यात हिशोब सुरू झाला. अंगणात, गच्चीवर, डब्याकुंड्यांत भाजी व फुलझाडे लावणारी घरे आता तालुक्याच्या गावांतही पुष्कळ झाली आहेत. त्यांना विषारी औषध नको असते आणि लिंबोळ्या वेचायला वेळ नसतो. दुसरीकडे आपल्या झाडाखाली पडलेला हा माल पावसात कुजून जातो. २०१५ साली केंद्र सरकारने देशात तयार होणाऱ्या सर्व युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा लेप सक्तीचा केला, तेव्हापासून तेलासाठीही लिंबोळीला मागणी आहे. म्हणजे घेणारे आहेत. अडते ते माल नीट ठेवण्यापाशी.

आधी लिंबोळीचा गुण समजून घेऊ, कारण गिऱ्हाईक विचारणारच. तिच्या मगजात अझाडिरॅक्टिन नावाचे द्रव्य असते. त्याने कीड लगेच मरत नाही. ती पान खाणे सोडते, तिची कात नीट पडत नाही, अंडी घालणे कमी होते. सुदान देशात १९५९ साली टोळधाड आली तेव्हा सगळी हिरवळ फस्त झाली, पण लिंबाची झाडे तेवढी उभी राहिली, हे श्मुटरर नावाच्या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने पाहिले आणि तेथून पाश्चात्त्यांचे लक्ष या झाडाकडे वळले. (अरफातच्या मैदानात हाजींना सावली देणारी झाडेही लिंबाचीच, हे हजला जाऊन आलेल्या वाचकांना ठाऊक असेल.) म्हणून विकताना सांगावे : मावा, तुडतुडे, पांढरी माशी, फुलकिडे आणि लहान अळ्या यांवर हे उपयोगी आहे, फरक दिसायला तीन-चार दिवस लागतात, आणि बोंडात किंवा फळात शिरलेल्या मोठ्या अळीवर याचा भरवसा धरू नये. खोटी हमी दिलेला माल एकदाच खपतो.

कृती सोपी आहे. शेतासाठी पाच किलो वाळलेल्या लिंबोळ्या कुटून नऊ लिटर पाण्यात रात्रभर भिजत घालाव्यात. दोनशे ग्रॅम साबणाचा चुरा एक लिटर पाण्यात वेगळा भिजवावा. सकाळी लिंबोळीचे पाणी दुहेरी फडक्यातून गाळून त्यात साबणाचे पाणी मिसळावे आणि एकूण शंभर लिटर करावे. परसातल्या दहा-बारा कुंड्यांना एवढे कशाला? एक लिटरला पन्नास ग्रॅम लिंबोळी आणि दोन ग्रॅम साबण पुरतो. उन्हाने गुण लवकर जातो, म्हणून फवारणी संध्याकाळी करावी, पानाच्या खालच्या बाजूनेही करावी, आणि केलेले पाणी त्याच दिवशी संपवावे. कुटण्यासाठी उखळ वेगळे ठेवावे. पिठाच्या गिरणीत लिंबोळी घातली तर पुढच्या चार गिऱ्हाइकांच्या भाकरी कडू होतील आणि गिरणीवाल्याशी कायमचे वैर होईल.

आता मुख्य गोष्ट. तीही आमच्याच नुकसानीतून शिकलेली.

काही वर्षांपूर्वी आम्ही एका फिरत्या माणसाकडून दोन पोती लिंबोळी स्वस्तात घेतली. पोती प्लॅस्टिकची होती, तोंडे घट्ट शिवलेली. दिवाळीनंतर उघडली तर आत काळी बुरशी आणि आंबट वास. ज्या खरेदीदाराकडे नेली त्याने मूठभर माल हातात घेतला, दोन बिया फोडल्या आणि विचारले, "कधीची?" आम्हाला सांगता आले नाही. त्याने मूठ परत पोत्यात सोडली. भाडे आमच्याच अंगावर पडले.

त्यानंतर विचारपूस करून जे कळले ते असे. लिंबोळी पिवळी झाल्यावर आणि झाडाखालची जागा झाडून घेऊन वेचावी, म्हणजे जुनी, चिखलात पडलेली फळे मिसळत नाहीत. वेचल्याच दिवशी पाण्यात चोळून गर काढून टाकावा. गर राहिला तर बुरशी हमखास येते. बी प्रथम एक-दोन दिवस उन्हात आणि मग हवेशीर सावलीत खडखडीत वाळवावे. पावसाळ्याचे दिवस असल्याने हेच सर्वांत जिकिरीचे काम आहे. ज्यांच्याकडे पत्र्याची मोकळी शेड आहे त्यांनीच मोठ्या प्रमाणावर यात पडावे. भरायला गोणपाटाचीच पोती घ्यावीत, खाली लाकडी फळ्या टाकाव्यात. बी फोडल्यावर मगज हिरवट असावा. तपकिरी किंवा काळा मगज म्हणजे माल गेला.

आणि वय. कृषी तज्ज्ञांचे सांगणे आहे की तीन महिन्यांच्या आतली लिंबोळी अर्काला घेऊ नये, आणि आठ-दहा महिन्यांच्या पुढची तर नाहीच. दोन्हींत अझाडिरॅक्टिन कमी भरते. म्हणजे जून-जुलैचा माल ऑक्टोबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत विकायचा. ज्याच्या पोत्यावर तारीख नाही, त्याच्याकडे ताजा माल कोणता आणि शिळा कोणता हे त्याचे त्यालाही कळत नाही.

तारखेचे मोल किती, हे एका मोठ्या खटल्यात दिसले आहे. लिंबाच्या तेलाने झाडावरील बुरशी रोखण्याच्या पद्धतीवर डब्ल्यू. आर. ग्रेस ही अमेरिकी कंपनी आणि अमेरिकेचे कृषी खाते यांना १९९४ साली युरोपचे पेटंट मिळाले होते. वंदना शिवा आणि युरोपातील काही मंडळींनी १९९५ मध्ये त्याला हरकत घेतली. आमच्या बापजाद्यांना हे ठाऊक होते, एवढे म्हणून तेथे भागत नव्हते. कामी आली ती अभय फडके या पुण्याच्या कारखानदाराची साक्ष. त्यांनी १९८५ व १९८६ साली पुणे आणि सांगली जिल्ह्यांत लिंबोळीच्या अर्काचे शेतावर प्रयोग केले होते, म्हणजे पेटंटचा अर्ज होण्याच्या कितीतरी आधी. मे २००० मध्ये पेटंट रद्द झाले आणि ८ मार्च २००५ रोजी कंपनीच्या बाजूचे अपीलही फेटाळले गेले.

आपल्यापैकी काही उत्साही तरुण बाटल्या भरून 'लिंबोळी अर्क' म्हणून विकू लागतात. त्यांनी जरा थांबावे. कीटकनाशके कायदा १९६८ नुसार कीटकनाशक म्हणून बनवायला व विकायला नोंदणी आणि परवाना लागतो. अझाडिरॅक्टिनची ३००, १५०० आणि १०,००० पीपीएमची नोंदलेली औषधे बाजारात आहेत ती त्या मार्गाने आलेली. मात्र त्याच कायद्याच्या कलम ३८ मध्ये स्वतःच्या घरासाठी, परसबागेसाठी किंवा स्वतः कसत असलेल्या जमिनीसाठी वापर करणाऱ्याला सूट आहे. अम्मांनी घरी अर्क करून आपल्या मिरचीवर मारला तर कोणी विचारणार नाही. म्हणून छोट्या व्यापाऱ्याने स्वच्छ, वाळलेले, तारीख घातलेले बी विकावे. अर्क गिऱ्हाईक घरी करील.

दोन वस्तूंबाबत सावध करणे भाग आहे. तांबोळी बंधूंकडे तंबाखूचा चुरा उरतो आणि त्याचा काढा कीड मारतो हे खरे. पण निकोटीन झाडातून आले म्हणून ते सौम्य होत नाही, कातडीतूनही ते अंगात जाते. निकोटीन सल्फेटच्या वापरावर भारतात १९९२ पासून बंदी आहे. शिवाय तंबाखूतून टोमॅटो-मिरचीला मोझॅक रोगाची लागण होऊ शकते. दुसरी वस्तू सीताफळाच्या बिया. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, गर काढणाऱ्यांकडे बियांचे ढीग लागतात, आणि त्या बियांची पूड उवा-किडींवर चालते हे घरोघरी माहीत आहे. पण ती डोळ्यात गेली तर डोळ्याला गंभीर इजा होते. मुलांच्या हाती देऊ नये, उघडी विकू नये.

औषध कोणतेही असो, तोंडाला फडके आणि अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा हवा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर रासायनिक औषध फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले, ते आपल्यासारखेच रोजंदारीवर पोट भरणारे होते. गळके पंप, तुटलेले नोझल आणि वाऱ्याच्या दिशेकडे दुर्लक्ष यांमुळे धोका वाढतो. पंपाची दुरुस्ती हे आपल्या लोहार-पत्रेवाल्या कारागिरांच्या हातचे काम आहे. लिंबोळी विकणाऱ्याने शेजारच्या कारागिराला सोबत घेतले तर गिऱ्हाइकाला दोन्ही सोयी एकाच ठिकाणी होतील आणि कारागिरालाही पावसाळ्याच्या मंद दिवसांत चार पैसे मिळतील.

धर्मापुरीच्या मित्राने या मोसमात सात गोण्या भरल्या आहेत. प्रत्येकीवर काळ्या शाईने वेचणीचा दिवस लिहिला आहे, एकीवर 'भिजलेली, घरासाठी' असेही. बाजारात जडीबुटीचे दुकान लावणाऱ्या एका अत्ताराने त्यांच्याकडे दहा किलो मागितले, तेव्हा त्यांनी ऑक्टोबरनंतर या म्हणून सांगितले. अत्तार जरा नाराज झाला, पण नाव लिहून गेला.