घरचे आणि शिवारातले ध्वनिमुद्रण, लेखांक पाचवा : ट्रॅक किती, आणि एका वेळी किती?

मागील लेखांकात माइकच्या जातींचा विचार पुरा झाला. आता ज्या यंत्रात तो आवाज साठवायचा, त्याच्या निवडीकडे वळू. मांजरसुंब्याहून केजकडे जाणाऱ्या वाटेवरच्या नेकनूरसारख्या गावात, जेथे बंकटस्वामींच्या नावाचे संस्थान आहे आणि सप्ताह, काकडा, भजन यांचा राबता आहे, नवख्या माणसाला मुद्रित करावेसे वाटते ते सहसा तीनांपैकी एक असते : भजनी मंडळाचा किंवा कीर्तनाचा मेळ, घरातील वृद्ध स्त्रीच्या कंठातील जात्यावरच्या ओव्या, अथवा स्वतःच एकामागून एक वाद्य वाजवून सिद्ध करावयाचे गाणे. या तिन्ही निकडींना दुकानदाराकडून बहुधा एकच उत्तर मिळते, ते म्हणजे जास्त ट्रॅकचे यंत्र घ्यावे. आणि पुष्कळांचे पैसे अस्थानी पडतात ते येथेच.

ट्रॅकचा आकडा दोन अगदी भिन्न गोष्टी सांगू शकतो. १९७९ साली जपानच्या टीॲक कंपनीने ‘पोर्टास्टुडिओ १४४’ हे यंत्र काढले आणि साध्या कॅसेटवर चार ट्रॅक घेण्याची सोय घरगुती संगीतकाराच्या हाती आली. पहिल्या ट्रॅकवर पेटी, ती ऐकत दुसऱ्यावर तबला, दोन्ही ऐकत तिसऱ्यावर गायन, असा थरावर थर चढविणे हा त्या यंत्राचा धर्म होय. त्याच घराण्यातले टॅस्कॅमचे ‘डीपी-००८ईएक्स’ आठ ट्रॅकचे आहे खरे, परंतु एका वेळी त्यात दोनच ट्रॅक मुद्रित होतात. याउलट झूमचे ‘एच६’ हे हातात मावणारे यंत्र आकड्याने सहाच ट्रॅकचे असले, तरी सहाही ट्रॅक एकाच क्षणी निरनिराळे टिपते. म्हणून खरेदीपूर्वी तपशिलाच्या कागदात एकूण ट्रॅक पाहू नयेत. एकसमयी मुद्रित होणारे ट्रॅक किती, ही ओळ शोधावी. एकट्याने घरात बसून गाणे रचणाऱ्यास पहिल्या घराण्याचे यंत्र पुरते, किंबहुना तेच सोयीचे पडते. परंतु मंडळ गात असताना कोणालाही थांबवून ‘आता फक्त टाळ वाजवा’ असे सांगता येत नाही.

वारकरी कीर्तनाची मांडणीच पाहा. पुढे कीर्तनकार, मागे टाळकऱ्यांच्या रांगा, वीणेकरी आणि एका बाजूस पखवाजी. टाळांचा तीक्ष्ण, उंच नाद एवढा प्रबळ असतो की समोर ठेवलेल्या एकट्या यंत्रात कीर्तनकाराचे शब्द त्याखाली दडपून जातात, आणि एकदा एकत्र मिसळलेले हे आवाज पुढे निर्मळपणे विलग करणे दुरापास्त असते. येथे चार ट्रॅक पुरे होतात, फक्त त्यांचा विनियोग नीट व्हावा. साउंडवाल्याच्या मिक्सरमधून लाइन आउट मागून घ्यावे आणि यंत्राच्या एका जॅकमध्ये द्यावे. कीर्तनकाराचा आवाज त्यातून स्वच्छ येतो. दुसऱ्या जॅकला एक माइक जोडून तो पखवाजाच्या कणीक लावलेल्या डाव्या पुडीपासून हातभर अंतरावर ठेवावा, म्हणजे घुमारा मिळेल. उजव्या पुडीची थाप आणि टाळ यंत्राच्या अंगच्या दोन माइकांत आपोआप येतात. मात्र यंत्र व्यासपीठापासून फार लांब नसावे. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर चालतो, त्यामुळे दहा मीटरांवर आवाज जवळजवळ तीन शतांश सेकंद उशिरा पोचतो, आणि मिक्सरच्या आवाजाशी तो मिळविताना तेवढीच दुहेरी थाप कानास जाणवते. मिक्सरमधून येणारा प्रवाह माइकच्या प्रवाहाहून कितीतरी बलवान असल्याने जॅक ‘लाइन’वर आहे याची खात्री आधी करावी, नाहीतर सारे मुद्रण फाटते.

ओव्यांची गोष्ट निराळी, आणि माझ्या मते आपल्या भागात तिला अग्रक्रम द्यावयास हवा, कारण ज्यांच्या कंठात त्या आहेत त्यांचे वय वाढत आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी पुण्याहून चालविलेल्या संग्रहकार्यात एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. बर्नार्ड बेल यांनी १९९० च्या दशकात डिजिटल ऑडिओ टेपवर त्यांतील पुष्कळ मुद्रित केल्या. आपल्याच बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरात १९९६ साली असे मुद्रण झाले, आणि २०१७ पासून ‘पारी’ या संग्रहामार्फत त्या ओव्या सर्वांस ऐकावयास मिळू लागल्या. त्या टेपवर दोनच ट्रॅक असत. एक गाणारी स्त्री आणि एक जाते यांना त्याहून अधिक लागत नाहीत. लागतो तो तोंडापासून वीतभर अंतरावरचा चांगला माइक, आणि जात्याची घरघर आवाजावर चढू न देण्याची दक्षता. अशा कामास दोन ट्रॅकचे साधे यंत्रही सन्मान्य आहे.

नवख्याची मोठी भीती असते ती आवाजाची पातळी ठरविण्याची. २४ बिटांच्या मुद्रणात शिखर शून्याखाली १२ डेसिबलांवर ठेवावे, हा जुना नियम अजूनही भरवशाचा. अलीकडे, झूमच्या ‘एच४एसेन्शिअल’सारख्या यंत्रांत, ३२ बिट फ्लोट नावाची सोय आली आहे, तीत पातळी चुकली तरी ती नंतर संगणकावर सावरता येते. अभंगाच्या गजरात आवाज एकाएकी चढतो, तेथे ही सोय अनमोल ठरते. परंतु माइकच स्वतः गुदमरला, तर ती काही करू शकत नाही.

उरला वीज आणि साठ्याचा प्रश्न. विजेचा भरवसा नसेल तेथे बाजारात कोठेही मिळणारे पेन्सिल सेल घेणारे यंत्र, आत बसविलेल्या बॅटरीच्या यंत्रापेक्षा श्रेयस्कर. पण फँटम पॉवर, म्हणजे यंत्राकडूनच मिळणारी वीज, लागणारे माइक जोडले की सेल लवकर उतरतात, हे ध्यानात ठेवून जोडी नेहमी दुप्पट बाळगावी. ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटांवर एक ट्रॅक ताशी सुमारे ५२० एमबी जागा व्यापतो, म्हणजे चार ट्रॅकांचे दोन तासांचे कीर्तन चार जीबींच्या वर जाते. ३२ जीबींचे कार्ड एका दिवसाच्या मुद्रणास पुरे पडते.

मुद्रण सुरू करताना मौजे, तारीख, गाणाऱ्यांची नावे आणि त्यांची संमती मोठ्याने बोलून घ्यावी, म्हणजे तो तपशील त्याच फाईलमध्ये राहतो आणि दप्तर वेगळे ठेवण्याची गरज पडत नाही. पुढील लेखांकात चार ट्रॅकांचे मिश्रण घरच्या संगणकावर कसे करावे, ते पाहू.