शरीराचे रक्षकच हृदयावर उलटतात तेव्हा

1948 साली कुमार गंधर्व देवासला आले ते गाण्यासाठी नव्हे, तर क्षयरोगातून बरे होण्यासाठी. माळव्याची कोरडी हवा आणि त्या काळी नव्यानेच हाती आलेले स्ट्रेप्टोमायसिन यांनी त्यांना तारले. एक फुप्फुस मात्र कायमचे निकामी झाले. क्षयाच्या जंतूंना फुप्फुसात घेरून कोंडून ठेवण्याचे काम ज्या पेशी प्रामुख्याने करतात, त्यांना मॅक्रोफेज अर्थात महाभक्षक पेशी म्हणतात. रोगप्रतिकार यंत्रणेचे हे पायदळ. धार-देवास असो वा गोवा, ऐन चाळिशीत हृदयविकाराच्या झटक्याने माणूस गेल्याची वार्ता येते, तेव्हा त्यामागच्या कारणांचा शोध घेणारे शास्त्रज्ञ आज याच पेशींपाशी येऊन थांबतात.

भारतीय उपखंडात हा झटका लवकर येतो, ही केवळ समजूत नाही. 52 देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात दक्षिण आशियातील रुग्णांचे पहिल्या झटक्याच्या वेळचे मध्यक वय 53 वर्षे आढळले; इतर प्रदेशांत ते जवळपास 59 होते. धूम्रपान, मधुमेह, उच्च रक्तदाब, पोटाभोवतीची चरबी, रक्तातील मेदाचे बिघडलेले प्रमाण ही परिचित कारणे येथे तरुणपणीच एकवटतात, असे त्या अभ्यासाने दाखवले. ही कारणे धमनीत नेमके काय घडवतात, हा पुढचा प्रश्न.

धमनी म्हणजे नळ आणि कोलेस्टेरॉल म्हणजे त्यात साचणारा गाळ, ही उपमा इतकी रुळली आहे की ती पुसणे कठीण. परंतु ती अपुरी आहे. जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरखो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यासच धमनीकाठिण्यात दाह असतो, असे म्हटले होते. पुढे 1913 मध्ये रशियात निकोलाय अनिच्कोव्ह यांनी सशांना कोलेस्टेरॉल चारून त्यांच्या धमन्यांत मेदाचे थर निर्माण करून दाखवले आणि कालांतराने चर्चा मेदाभोवतीच फिरत राहिली. वास्तविक दोघेही बरोबर होते. रक्तातील एलडीएल कण धमनीच्या अस्तराखाली शिरून अडकतात, तेथे त्यांचे रूप पालटते आणि प्रतिकार यंत्रणा त्यांना परके समजते. रक्तातील मोनोसाइट पेशी आत धावतात, महाभक्षक बनतात आणि मेद गिळू लागतात. गिळता गिळता त्या फुगतात, फेसाळ दिसू लागतात, अखेर तेथेच मरतात. त्यांच्या अवशेषांतून दाहाचे संदेश सुटतात आणि नवी कुमक येते. जंतूंशी लढाई असती तर ती कधीतरी संपली असती. येथे शत्रू रोजच्या रक्तातूनच येत राहतो, म्हणून युद्ध वर्षानुवर्षे धुमसते.

या साठ्यावर तंतूंचे एक आवरण असते. महाभक्षक पेशींतून स्रवणारी विकरे ते कुरतडतात. आवरण पातळ होऊन फाटले की आतला ऐवज रक्ताच्या संपर्कात येतो, गुठळी धरते आणि हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा तुटतो. म्हणूनच धमनी निम्मीही अरुंद झालेली नसताना, काल-परवापर्यंत धडधाकट दिसणाऱ्या माणसाला झटका येऊ शकतो. तरुण रुग्णांत, विशेषतः धूम्रपान करणाऱ्यांत आणि स्त्रियांत, आणखी एक प्रकार दिसतो. आवरण फाटत नाही. त्यावरील अस्तर तेवढे सोलवटते. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी तेथे आपल्या गाभ्यातील तंतूंचे जाळे फेकतात. जंतू पकडण्यासाठीचे हे जाळे येथे गुठळीला आधार देते.

ज्यांच्या शरीरात प्रतिकार यंत्रणा आधीच बेबंद झालेली असते, त्यांच्या बाबतीत हे सारे वेगाने घडते. ‘ल्युपस’ हा स्वप्रतिकार विकार असलेल्या 35 ते 44 वयाच्या स्त्रियांत झटक्याचे प्रमाण समवयस्क स्त्रियांच्या तुलनेत पन्नास पटींहून अधिक असल्याचे पिट्सबर्ग येथील संशोधकांनी 1997 मध्ये नोंदवले. संधिवाताभ आणि सोरायसिस यांतही धोका वाढतो, जरी इतका नाही. आपल्याकडे सांधेदुखीची बाई वर्षानुवर्षे वेदनाशामक गोळ्यांवर दिवस काढते आणि तिच्या हृदयाची विचारपूस कोणीच करत नाही, हे दुर्दैव. जपानचे डॉ. तोमिसाकु कावासाकी यांनी 1967 मध्ये वर्णिलेला बालरोग त्याहून फसवा: पाच-सहा दिवस ताप, लाल डोळे, लाल जीभ, अंगावर पुरळ, आणि उपचार वेळेत न झाल्यास हृदयाच्या धमन्यांना फुगवटे. ते पूर्ण न निवळल्यास पुढे ऐन तारुण्यात झटका येऊ शकतो.

संसर्गाचाही यात हात असतो. कॅनडातील ऑन्टारियो प्रांतात 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इन्फ्लुएन्झाचे निदान झाल्यानंतरच्या सात दिवसांत झटक्याचा धोका सहा पटींनी वाढलेला आढळला. कोविडनंतर आपल्याकडे संशयाची सुई लसीकडे वळली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने 18 ते 45 वयोगटातील 729 आकस्मिक मृत्यूंची तुलना 2,916 जणांशी केली. लसीमुळे धोका वाढल्याचे त्यात आढळले नाही. दोन मात्रा घेतलेल्यांत तो उलट कमी होता. कोविडसाठी रुग्णालयात दाखल व्हावे लागलेले असणे, कुटुंबात आकस्मिक मृत्यूचा इतिहास, मृत्यूपूर्वी 48 तासांत केलेले अतिमद्यपान आणि अतिश्रमाचा व्यायाम हे घटक मात्र ठळकपणे समोर आले.

मग दाहच शमवला तर? 2017 मध्ये ‘कँटोस’ चाचणीने याचे उत्तर दिले. आधी झटका येऊन गेलेल्या सुमारे दहा हजार रुग्णांत कॅनाकिनुमॅब या औषधाने कोलेस्टेरॉलला हात न लावता केवळ दाहाचा एक संदेश रोखला आणि पुढील आघात पंधरा टक्क्यांनी घटले. पण प्राणघातक संसर्गही वाढले, आणि औषध अतिशय महाग. क्षयरोग अजून घराघरांत असलेल्या देशात महाभक्षकांची शस्त्रे काढून घेणे परवडणारे नाही.

त्यामुळे लक्ष गेले ते कोल्चिसिन या गाऊटवरील जुन्या, स्वस्त गोळीकडे. 2020 मधील एका चाचणीत दीर्घकालीन हृदयरुग्णांना रोज अर्धा मिलिग्रॅम दिल्याने आघात 31 टक्क्यांनी कमी झाले. अमेरिकेने 2023 मध्ये तिला या कारणासाठी मान्यता दिली. मात्र 2024 मध्ये नुकताच झटका आलेल्या सात हजारांवर रुग्णांत तिचा लाभ दिसला नाही. वाद मिटलेला नाही. हेच द्रव्य आपल्या रानांत पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीतही असते, परंतु तिचा कंद जीवघेणा विषारी आहे. घरगुती काढ्याचा मोह कोणीही धरू नये. गोळीदेखील मूत्रपिंड वा यकृत दुर्बल असलेल्यांना आणि काही प्रतिजैविकांसोबत घातक ठरते.

सामान्य वाचकाच्या हाती असलेले उपाय साधे आहेत. तंबाखू बंद केल्याने दाह उतरतो. स्टॅटिन गोळ्या कोलेस्टेरॉलबरोबर दाहही काही प्रमाणात कमी करतात. वडील वा भावाला पंचावन्न वर्षांपूर्वी, आई वा बहिणीला पासष्ट वर्षांपूर्वी हृदयविकार झाला असल्यास ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. ‘एचएस-सीआरपी’ ही दाह मोजणारी रक्तचाचणी उपलब्ध आहे, पण सर्दी-तापातही तिचा आकडा चढतो, म्हणून तिचा अर्थ डॉक्टरांनीच लावायचा. झटका येऊन गेलेल्यांना इन्फ्लुएन्झाची लस लगेच दिल्यास पुढील वर्षभरातील मृत्यू घटतात, हेही 2021 मधील चाचणीत दिसले आहे.

आणि प्रत्यक्ष छातीत कळ आलीच, तर प्रश्न अंतराचा असतो. धारहून इंदूरची मोठी रुग्णालये साठ-पासष्ट किलोमीटरवर, देवासहून पस्तीस-चाळीसवर. गोव्यात ‘स्टेमी’ प्रकल्पामुळे आरोग्य केंद्रात काढलेला ईसीजी बांबोळीच्या तज्ज्ञांपर्यंत पोहोचतो आणि गुठळी विरघळवणारे इंजेक्शन जागेवरच देता येते. धमनी बंद असेपर्यंत स्नायू मरत राहतो, आणि जितका अधिक स्नायू मरतो तितका तो साफ करण्यासाठी आलेल्या पांढऱ्या पेशींचा लोंढाही मोठा असतो. प्राण्यांवरील प्रयोगांत हाच लोंढा उरलेल्या धमन्यांतील जुने साठे पुन्हा भडकवताना दिसला आहे.